सही कोणाची? समलिंगी आणि तृतीयपंथी ज्येष्ठांचं म्हातारपण, आजारपण आणि वारसा

याच व्याख्यानमालेत मागे आपण बारवी धरणावर बोललो होतो. १९७२ साली एमआयडीसीनं बांधलेलं धरण, पुढे वाढवलेली उंची, पाण्याखाली गेलेल्या वस्त्या, आणि बाधित कुटुंबांतल्या एकेकाला एमआयडीसीत किंवा धरणाचं पाणी घेणाऱ्या पालिकांमध्ये नोकरी द्यायचा निर्णय, हे सगळं त्यात आलं होतं. आज त्यातला एकच धागा आपल्याला लागणार आहे.

त्या दिवशी व्याख्यान संपलं, आम्ही खुर्च्या गोळा करत होतो. सत्तरी ओलांडलेले एक काका मागे थांबले होते. म्हणाले, "एक विचारू का? त्या धरणग्रस्तांच्या यादीत कुटुंब म्हणजे कोण कोण धरलं होतं?" आम्ही म्हटलं, काका, नेहमीचंच. नवरा-बायको, मुलं, आईवडील. ते जरा हसले. "मग आमचं नाव कुठल्याच यादीत बसायचं नाही," म्हणाले, आणि निघून गेले.

पुढे ओळख वाढली तेव्हा कळलं. काका आणि त्यांचे जोडीदार मुंबईतली चाळीतली खोली सोडून बदलापूरला आले, कारण तेव्हा इथे दोन खोल्या परवडत होत्या. वीस-बावीस वर्षं एकत्र राहिले. सोसायटीत सगळे त्यांना मावसभाऊ समजायचे, आणि या दोघांनीही कधी खोडून काढलं नाही. मग जोडीदाराला पक्षाघात झाला. रुग्णालयात पहिला प्रश्न आला, "तुम्ही पेशंटचे कोण?" काका म्हणाले, "मित्र." झालं. पुढचे नऊ दिवस ते बाहेरच्या बाकावर. गावाहून पुतण्या आला. त्यानं मामा-काकांचं तोंड पंधरा वर्षांत पाहिलं नव्हतं, पण आडनाव तेच होतं. सही त्याची चालली. नळी घालायची की नाही, व्हेंटिलेटर लावायचा की नाही, हे त्यानं ठरवलं. देह गावी नेला. घर जोडीदाराच्या नावावर होतं, तेही गेलं. काका आता भाड्यानं राहतात. हे सांगायची परवानगी त्यांनी दिली आहे, फक्त नावगाव नको म्हणाले.

त्यांनी आम्हाला विचारलं होतं, "तुम्ही इतिहासवाले ना? हे असं कधीपासून आहे ते सांगा." आजचं व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर शोधायचा प्रयत्न आहे.

आता एक गोष्ट आधी स्पष्ट करू. समलिंगी माणसांच्या इतिहासावर बोलताना बहुतेक वेळा चर्चा होते ती कलम ३७७ ची. ते बरोबरच आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेतलं हे कलम १८६२ पासून लागू झालं. २ जुलै २००९ ला दिल्ली उच्च न्यायालयानं ते सज्ञान व्यक्तींच्या खाजगी, संमतीच्या संबंधांपुरतं बाद केलं, ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा जिवंत केलं आणि ६ सप्टेंबर २०१८ ला नवतेज सिंग जोहर खटल्यात शेवटी काढून टाकलं. पण काकांचं जे झालं त्याचा या कलमाशी थेट संबंध नव्हता. रुग्णालयात त्यांना कुणी गुन्हेगार म्हटलं नाही. कुणी वाईटसुद्धा वागलं नाही, हे ते स्वतः सांगतात. त्यांना फक्त कुणी धरलं नाही. शिक्षेचा इतिहास एक आहे आणि वारसाचा इतिहास दुसरा. म्हातारपणाशी गाठ पडते ती दुसऱ्याची.

हा दुसरा इतिहास आपल्या मराठी मुलुखात बराच मागे जातो. बदलापुरातून किंवा अंबरनाथहून बघितलं तर मलंगगड दिसतो. माघ पौर्णिमेला तिथल्या हाजी मलंगच्या उरुसाला लांबलांबून हिजडे येतात, हे इथल्या लोकांना नवीन नाही. (शब्द आम्ही मुद्दाम वापरतोय. समाजातले कित्येक जण स्वतःसाठी तोच वापरतात. ज्यांना तृतीयपंथी किंवा किन्नर बरं वाटतं त्यांनी तसं ऐकावं.) या समाजाची गुरू-चेल्याची घडण आपण उरुसात, रस्त्यात, रेल्वेत बघतो, पण ती म्हातारपणाची सोय आहे हे सहसा लक्षात येत नाही. घरानं टाकलेलं पोर गुरूकडे येतं. गुरू सांभाळतो, शिकवतो, कमाईतला वाटा घेतो. गुरू थकला की चेले त्याला सांभाळतात, आजारपण काढतात, आणि गुरूचं जे काही असेल ते चेल्याकडे जातं. रक्ताचं नातं नसताना वारस ठरवायची ही पद्धत आहे.

आणि एके काळी राज्यसत्ता तिला ओळखत होती. लॉरेन्स प्रेस्टन या अभ्यासकानं १९८७ मध्ये मुंबई इलाख्याच्या जुन्या दफ्तरांवरून एक लेख लिहिला. त्यातून दिसतं की मराठी राज्यात दख्खनच्या अनेक भागांत हिजड्यांना परंपरेनं काही हक्क होते. कुठे इनाम जमीन, कुठे रोख नेमणूक, कुठे ठरावीक गावांतून भिक्षा मागायचा हक्क. हे हक्क एका माणसापुरते नव्हते, ते गुरूकडून चेल्याकडे जात. पेशवाई गेली, कंपनी सरकार आलं, आणि १८४०-५० च्या सुमाराला कलेक्टरांपुढे प्रश्न आला की गुरू मेला तर आता चेल्याला द्यायचं का? चेला म्हणजे मुलगा नाही, दत्तक नाही, मग हा कोण? नेमका तोच प्रश्न जो काकांना बाकावर विचारला गेला. मुंबई सरकारचा कल नकाराकडे गेला. भिक्षेच्या हक्कामागचा राज्याचा आधार काढून घेतला गेला.

उत्तरेत हे जास्त उघडपणे झालं. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आपल्याकडे पारधी, कैकाडी वगैरे समाजांमुळे माहीत आहे. त्या कायद्याचा दुसरा भाग मात्र फारसा वाचला जात नाही. तो हिजड्यांबद्दल होता. वायव्य प्रांत, अवध, पंजाब अशा भागांसाठी तो केलेला होता. त्यात नोंदणी होती, बायकांच्या कपड्यांत सार्वजनिक ठिकाणी दिसण्याला शिक्षा होती, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण त्याच भागात असंही होतं की नोंदणी झालेल्या हिजड्याला अज्ञान मुलाचं पालक होता येणार नाही, बक्षीसपत्र करता येणार नाही, मृत्युपत्र करता येणार नाही, आणि दत्तक घेता येणार नाही.

जरा थांबून बघा हे चार. पालकत्व, बक्षीस, मृत्युपत्र, दत्तक. ज्याला रक्ताचा वारस नाही त्याला स्वतःचा माणूस नेमायचे हे चारच मार्ग, आणि कायदा करणाऱ्यानं चारही बंद केले. आम्हाला वाटतं, ज्यानं हे लिहिलं त्याला त्या समाजाची रचना नीट कळली होती. गुरूनंतर चेल्याला काही मिळालं नाही की म्हातारपणी गुरूला सांभाळायचं कारणही हळूहळू संपतं.

आता याचा अर्थ गुरू-चेल्याची पद्धत फार गोड होती असं आम्ही म्हणत नाही. तिच्यात कर्ज आहे, दंड आहे, घराण्याच्या पंचायतीचा धाक आहे. ज्या गुरूचे चेले फुटले त्याचं म्हातारपण कठीणच. पण पद्धत टिकली, हेही खरं. १९९० मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयानं इल्यास विरुद्ध बादशाह खटल्यात गुरूची मालमत्ता चेल्याकडे जाण्याची रूढी मान्य केली. आणि १५ एप्रिल २०१४ चा नालसा निकाल, ज्यात आपल्याकडच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी न्यायालयात उभ्या राहिल्या, त्यानं तृतीयपंथी ओळखीला घटनेचं संरक्षण दिलं.

काकांसारख्यांकडे मात्र गुरू-चेलाही नव्हता. कारखान्यात, गिरणीत, सरकारी कचेरीत नोकरी करणारा, खाणावळीत जेवणारा, लग्न टाळत गेलेला किंवा लग्न करून आतल्या आत कुढलेला मध्यमवर्गीय पुरुष. किंवा एका घरात तीस वर्षं राहणाऱ्या दोन शिक्षिका, ज्यांना सगळा गाव "मैत्रिणी" म्हणतो. बायकांचं तर आणखी झाकलेलं. एकत्र राहिल्या तर कुणाला काही खटकत नाही, आणि म्हणून मेल्यावर कुणाला काही कळतही नाही.

हिशेब करून बघू. १९५० साली जन्मलेला माणूस घ्या. तो मोठा होत असताना या विषयावर मराठीत काय होतं? र. धों. कर्व्यांचं 'समाजस्वास्थ्य' १९५३ ला बंद पडलं होतं. त्यात वाचकांच्या प्रश्नांना कर्वे उत्तरं द्यायचे, समलिंगी संबंधांबद्दलच्यासुद्धा, आणि अशाच उत्तरांवरून त्यांच्यावर भरलेल्या खटल्यात १९३४ मध्ये बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. ते अंक आपल्या माणसाच्या हाती लागले नसणार. तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' १९८१ मध्ये रंगमंचावर आलं तेव्हा तो एकतीस वर्षांचा. १९९० मध्ये अशोक राव कवींनी 'बॉम्बे दोस्त' काढलं तेव्हा चाळीस. १९९४ ला हमसफर ट्रस्ट, चव्वेचाळीस. बिंदुमाधव खिरे यांचा पुण्यातला समपथिक ट्रस्ट २००२ ला, बावन्न. आणि ३७७ गेलं तेव्हा तो अडुसष्ट. म्हणजे तरुणपणी हक्क नव्हता आणि हक्क आला तेव्हा गुडघे गेले होते. लोक म्हणतात, आता तर सगळं मोकळं झालं. कुणासाठी? ज्यानं पन्नास वर्षं "मित्र" म्हणायची सवय लावून घेतली, त्यानं अतिदक्षता विभागाच्या दारात उभं राहून एकदम "नवरा" कसं म्हणायचं?

या पिढीतले काही जण तर म्हातारपणापर्यंत पोचलेच नाहीत. एड्सची साथ आपल्याकडे ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आली. गोव्यात १९८९ मध्ये डॉमिनिक डिसोझा यांना केवळ एचआयव्ही आहे म्हणून कोंडून ठेवलं होतं. त्यांनी त्याविरुद्ध न्यायालयात लढा दिला आणि १९९२ ला ते गेले. त्या काळात कित्येकांची शेवटची सेवा मित्रांनीच केली. घरचे यायचे ते नंतर, सामान न्यायला.

आता कायदा काय म्हणतो ते बघू, कारण काकांच्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं इथे आहे. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा. अविवाहित पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर कोणाला मिळतं? पहिल्या वर्गात आई. ती नसेल तर वडील, मग भावंडं, मग भाचे-पुतणे असं करत दुसरा वर्ग. तेही नसतील तर बापाकडचे लांबचे नातेवाईक, मग आईकडचे. आणि कुणीच सापडलं नाही तर कलम २९ प्रमाणे सरकार. सरकारसुद्धा यादीत आहे. वीस वर्षं ज्यानं औषधं दिली, पथ्याचं शिजवलं, तो यादीत नाही.

जिवंतपणी देऊन टाकावं म्हटलं तर तिथेही हेच. महाराष्ट्रात राहतं घर नवऱ्याला, बायकोला, मुलांना, नातवंडांना बक्षीसपत्रानं द्यायला मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. जोडीदार कायद्याच्या नजरेत परका, त्यामुळे त्याला द्यायचं तर विक्रीसारखं पूर्ण शुल्क. नॉमिनी केलं की झालं, अशी समजूत असते. तीही फसवी. नॉमिनी म्हणजे पैसे हातात घेणारा, मालक नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयानं १४ डिसेंबर २०२३ ला शक्ती येझदानी खटल्यात शेअर्सच्या बाबतीत पुन्हा सांगितलं.

लग्नाचा हक्क मिळाला असता तर यातलं पुष्कळसं एका फटक्यात सुटलं असतं. १७ ऑक्टोबर २०२३ च्या सुप्रियो निकालात तो मिळाला नाही. न्यायालय म्हणालं, हे संसदेचं काम. पण सरकारनं मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमायचं मान्य केलं, आणि त्यातून २०२४ मध्ये काही पत्रकं निघाली. ऑगस्टमध्ये अर्थ मंत्रालयानं स्पष्ट केलं की समलिंगी जोडीदारांना संयुक्त बँक खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला अडचण नाही. शिधापत्रिकेत एकत्र नाव लावता येईल, असं राज्यांना कळवलं गेलं. आरोग्य मंत्रालयानं राज्यांना लिहिलं त्यात एक मुद्दा असा होता: जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तर जोडीदाराला देह ताब्यात मिळावा.

हे शेवटचं वाक्य आम्ही काकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "म्हणजे पुतण्या आला नाही तर."

होय, पुतण्या आला नाही तर. पत्रकाची मर्यादा त्यांनी आमच्यापेक्षा लवकर पकडली. तरी आम्ही या पत्रकांना कमी लेखणार नाही. बँकेच्या काउंटरवर दाखवायला कागद असणं आणि नसणं यात फरक आहे.

आता थोडं बाहेरचं. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात १९८३ मध्ये शॅरन कोवाल्स्की हिला मोटार अपघातात मेंदूला जबर इजा झाली. ती कॅरन थॉम्पसनबरोबर राहत होती, दोघींनी घर घेतलं होतं, पण घरच्यांना नातं माहीत नव्हतं. वडील पालक नेमले गेले, त्यांनी कॅरनला भेटायलाही बंदी केली. कॅरन वर्षानुवर्षं कोर्टात भांडली आणि १९९१ मध्ये पालकत्व तिला मिळालं. या खटल्याचा परिणाम असा झाला की तिथल्या समलिंगी जोडप्यांनी घाईनं वैद्यकीय मुखत्यारपत्रं करायला सुरुवात केली. देशभर लग्नाचा हक्क यायला तिथे आणखी चोवीस वर्षं होती. तोपर्यंत माणसं कागदावर जगली. पुढे ज्येष्ठांसाठी वेगळी घरंही झाली, बर्लिनमध्ये २०१२ ला असंच एक बहुपिढ्यांचं घर उघडलं. आपल्याकडे मुंबईत 'सीनेजर्स' नावाचा ज्येष्ठांचा गट आहे, गप्पा, सहली, एकमेकांची चौकशी. हे छोटं वाटेल, पण एकट्या माणसाला ताप आला आहे हे दुसऱ्या कुणाला तरी कळणं, म्हातारपणाची निम्मी काळजी तिथेच सुरू होते.

कागदावर जगायचं तर आपल्याकडे कोणते कागद आहेत? आम्ही वकील नाही, तेव्हा हे ऐकून थेट कृती करू नका, वकिलाला विचारा. पण ढोबळ सांगतो. पहिलं मृत्युपत्र. साध्या कागदावर चालतं, मुद्रांक लागत नाही, दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. नोंदणी सक्तीची नाही, पण पुतण्या भांडणारा असेल तर करावीच. १८७१ च्या कायद्यानं जे काढून घेतलं होतं ते हेच साधन, आणि आज सगळ्यात जास्त कामाचंही हेच. दुसरं, २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा. त्यात कलम १४ प्रमाणे कुणीही सज्ञान माणूस आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू शकतो, आणि तो नातेवाईकच असला पाहिजे असं नाही. स्मृतिभ्रंशाची सुरुवात असेल तर वेळीच करून ठेवण्यासारखं आहे. म्हणजे बघा, जोडीदाराला निर्णयाचा अधिकार देणं आपल्या कायद्याला जमतच नाही असं नाही. एका कायद्यात जमलंय.

तिसरं, ज्याला लिव्हिंग विल म्हणतात ते. याची मुळं मुंबईत आहेत. केईएम रुग्णालयात चार दशकांहून अधिक काळ अंथरुणाला खिळलेल्या अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात २०११ ला सर्वोच्च न्यायालयानं या प्रश्नाला हात घातला. तिथेही प्रश्न हाच होता, हिच्या वतीनं कोणी बोलायचं? मैत्रीण म्हणून लेखिकेनं याचिका केली होती. न्यायालयानं तिचं न ऐकता, वर्षानुवर्षं सेवा करणाऱ्या केईएमच्या लोकांना खरा आप्त मानलं. रक्ताच्या नात्यापेक्षा सेवेला मान दिल्याचं हे उदाहरण आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं, आणि समलिंगी ज्येष्ठांच्या चर्चेत ते कुणी घेत नाही याचं आश्चर्यही वाटतं. पुढे ९ मार्च २०१८ च्या कॉमन कॉज निकालानं लिव्हिंग विलला मान्यता दिली आणि २४ जानेवारी २०२३ ला पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. आपल्या वतीनं निर्णय घेणारा माणूस, पालक म्हणून, त्यात नावानं लिहिता येतो. प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेनं नेमलेल्या अधिकाऱ्याकडे ठेवायची असते. डॉ. निखिल दातार यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, आणि त्यानंतर महाराष्ट्रात असे अधिकारी नेमले गेले.

कागद असले तरी रात्री दोन वाजता ड्यूटीवरचा डॉक्टर ते वाचेल का, हा प्रश्न उरतोच. त्यासाठी फाइल घरात सापडेल अशा जागी, आणि शेजारच्या एका तरी माणसाला खरं काय ते माहीत हवं. हे दुसरं काकांना जास्त अवघड गेलं.

मागच्या रविवारी त्यांच्याबरोबर बारवीच्या रस्त्यानं गेलो होतो. परतताना पश्चिमेला चंदेरीची डोंगररांग समोर होती. काकांनी बोट करून 'नवरा-नवरी'चे सुळके दाखवले. म्हणाले, "डोंगरांचंसुद्धा लग्न लावून ठेवलंय आपल्या लोकांनी." मग त्यांनी विचारलं, अग्नी कोणी द्यायचा ते मृत्युपत्रात लिहिलं तर चालेल का? आम्ही सांगितलं, काका, लिहायला हरकत नाही, पण मृत्युपत्र बहुतेक वेळा तेराव्यानंतर उघडतात. वेगळ्या कागदावर लिहा आणि सगळ्यांना दिसेल असं ठेवा. तसं त्यांनी लिहिलंय. कालनिर्णयच्या मागे अडकवलंय. साक्षीदार म्हणून खालच्या मजल्यावरच्या वहिनींची सही आहे, आणि सही करण्याआधी त्यांनी वाचून "मावसभाऊ नव्हते होय ते?" एवढंच विचारलं. काका नाही म्हणाले. वहिनींनी सही केली आणि चहा टाकायला आत गेल्या.

राखेबद्दल आम्ही गमतीनं विचारलं, बारवीत का? तर म्हणाले, "छे, अर्धा जिल्हा पितो ते पाणी."